गोगलगायीच्या स्रावाचे सीरम वापरण्यापूर्वी

पावसाळ्यात सकाळी कुंडीच्या कडेवर जी चकाकती रेघ दिसते, ती गोगलगायीच्या वाळलेल्या स्रावाची असते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण शरीररचनेच्या दृष्टीनेही खरी आहे, कारण हा स्राव मुख्यतः पोटाखालच्या त्याच पायातील ग्रंथींतून पाझरतो. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अल्प भागात त्वचा मऊ ठेवणारे ॲलँटॉइन, तसेच ओलावा धरून ठेवणारी ग्लायकोप्रोटीन्स आणि हायल्युरॉनिक आम्लाच्या कुळातील शर्करासाखळ्या असतात.

सौंदर्यप्रसाधनांसाठी प्रामुख्याने ‘कॉर्नू ॲस्पर्सम’ या युरोपीय जातीचा स्राव गाळून वापरतात. आपल्या शेतात सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय, म्हणजेच आफ्रिकी राक्षसी गोगलगाय, ही वेगळी जात आहे. तिच्यात ‘अकॅसिन’ हे जंतुनाशक प्रथिन सापडले आहे हे खरे. परंतु मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा कृमीही तिच्यात असू शकतो, म्हणून बागेतली गोगलगाय उचलून चेहऱ्यावर फिरवण्याचा उद्योग कदापि करू नये. ती वेचायची असेल, तर हातमोजे घालूनच वेचावी.

बाटली घेताना घटकांच्या यादीत ‘स्नेल सिक्रिशन फिल्ट्रेट’ हे नाव शोधावे. ते यादीच्या शेवटी असेल, तर पैसे बहुधा वेष्टनावरील चित्राचेच आहेत असे समजावे. पहिल्या दिवशी थोडे सीरम कोपराच्या आतल्या बाजूस लावून ४८ तास थांबावे. खाज किंवा लाली आल्यास ते वापरू नये. सर्व ठीक असल्यास चेहरा धुऊन, त्वचा किंचित ओलसर असतानाच दोन-तीन थेंब पसरावेत. बोटांना तार सुटते आणि सुरुवातीला चिकट वाटते, ते स्वाभाविक आहे. ते मुरल्यावर मॉइश्चरायझर आणि सकाळी त्यावर सनस्क्रीन लावावे. उघडी जखम, भाजलेली जागा किंवा पू झालेला फोड यांवर मात्र हे लावू नये; तिथे डॉक्टरांचेच औषध हवे.

त्वचा ओलसर व मऊ राहते, इतपत अपेक्षा रास्त आहे. सुरकुत्या नाहीशा करण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. शाकाहारी वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की ॲलँटॉइन कारखान्यात रासायनिक पद्धतीने आणि हायल्युरॉनिक आम्ल जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, आणि हे दोन्ही घटक असलेली साधी क्रीम औषधांच्या दुकानात मिळतात.