ऑफिसचे मोबाईल पाच वर्षं टिकवायचे कसे?

मी नाशिकच्या एका वितरण कंपनीचं ऑफिस सांभाळते. आमचे सेल्समन गावोगावच्या दुकानांतून ऑर्डर घेतात, गोदामात माल मोजला जातो, गाड्या सुटतात. हे सगळं कंपनीने दिलेल्या मोबाईलवर चालतं. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या खालच्या खणात सतरा जुने हँडसेट निघाले. कुठल्याही फोनबद्दल विचारलं तरी उत्तर एकच, "तो गेलाय." एका शनिवारी मी ते सगळे चार्जिंगला लावून एकेक तपासले. सात फोनची फक्त बॅटरी दमली होती. चारांची मेमरी फोटो आणि व्हिडिओंनी गच्च भरली होती. तीन धडधाकट होते, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या गूगल खात्यात अडकलेले. एकाला काहीच झालं नव्हतं. बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, खरोखर जळलेले निघाले फक्त दोन.

त्या सतरांच्या जागी आम्ही सतरा नवे घेऊन बसलो होतो.

पैशाचं नुकसान तर झालंच, पण मला जास्त लागलं ते दुसरंच. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो आपल्या हातात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. ॲपलच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांनुसार आयफोनच्या एकूण उत्सर्जनात सुमारे ८० टक्के वाटा उत्पादनाचाच असतो. आपण वर्षानुवर्षं चार्जिंगला जी वीज वापरतो, तिचा वाटा त्यापुढे लहान आहे. तीन वर्षांनी फोन बदलणाऱ्या ऑफिसला पंधरा वर्षांत माणशी पाच फोन लागतात, पाच वर्षं वापरणाऱ्याला तीन. माणशी दोन फोन बनवावेच लागत नाहीत, बचत आहे ती इथे.

आम्ही त्यानंतर जे बदललं, ते क्रमाने सांगते.

१. आधी वही करा

साधी एक्सेल शीट चालेल. प्रत्येक फोनला नंबर द्या आणि तो स्टिकरने मागे चिकटवा. शीटमध्ये मॉडेल, खरेदीची तारीख, बिलाचा फोटो, सध्या कोणाकडे आहे आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहा. *#०६# डायल केलं की आयएमईआय पडद्यावर येतो. फोन हरवला तर 'संचार साथी' पोर्टलवर तो ब्लॉक करायला हाच क्रमांक लागतो.

आणखी एक रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, तो आवर्जून ठेवा: सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार. फोनचं खरं वय या तारखेवरून कळतं.

२. खरेदी करताना कॅमेरा नव्हे, रॅम आणि अपडेट बघा

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, ते आंदोलन अनेकांना आठवत असेल. फोनमध्ये रॅम होती २ जीबी. अंगणवाडीच्या नोंदी भरायचं सरकारी पोषण ट्रॅकर ॲप त्यावर धड चालत नव्हतं, फोन तापायचे, हँग व्हायचे. सेविकांनी फोन नीट वापरले नाहीत असं नव्हतं. ते फोन पुढच्या कामाला पुरणारेच नव्हते. ऑफिसातही हेच होतं. आज ॲप चालतं म्हणून आपण सर्वांत स्वस्त मॉडेल उचलतो, दोन वर्षांत ॲप जड होतं आणि चांगला हँडसेट खणात जातो. म्हणून आजच्या गरजेच्या एक पायरी वरची रॅम आणि स्टोरेज घ्या.

अपडेटच्या बाबतीत आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. हे फोन फिरतीच्या माणसाला महाग पडतात, पण स्वस्त गटातल्या गॅलक्सी ए१६ लाही सहा वर्षं सांगितलेली आहेत. मात्र ही वर्षं बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सवलतीत मिळालं, तर तुमची दीड वर्षं आधीच संपलेली असतात.

आणि शक्यतो सगळ्यांना एकच मॉडेल द्या. कव्हर, काच, चार्जर एकमेकांना चालतात, आणि दुरुस्तीवाल्याचा हात त्या मॉडेलवर बसतो.

३. बॅटरीला जपा, म्हणजे मुख्यतः उन्हापासून जपा

माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे.

लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने आणि कायम पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्याने लवकर म्हातारी होते. आतल्या इलेक्ट्रोडवर एक थर साचत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि साठवणक्षमता कायमची कमी होते. ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरल्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं, असं ॲपल सांगते. आता आपला मे महिना आठवा. जळगाव-धुळ्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, आणि आमचा माणूस स्कूटरच्या हँडलवर फोन अडकवून, नकाशा चालू ठेवून, भर उन्हात चार्जिंग करत फिरतो. ऊन, चालू नकाशा आणि चार्जिंग, बॅटरी तापवणारे तिन्ही शत्रू एका जागी.

आम्ही तीन नियम केले. दुपारी फोन हँडलवर नाही, खिशात किंवा बॅगेत. पुढचं वळण कानात ऐकायचं. टेम्पोच्या डॅशबोर्डवर काचेखाली फोन ठेवून जेवायला जायचं नाही. फोन हाताला गरम लागला तर आधी कव्हर काढून सावलीत ठेवायचा, मग चार्जर. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका, आत बाष्प धरतं. हँडलवरच्या फोनला आणखी एक धोका असतो. इंजिनाच्या सततच्या थरथरीने कॅमेऱ्याची फोकसची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने दिलेला आहे. फोन लावावाच लागत असेल, तर धक्के शोषणारा होल्डर घ्या.

ऑफिसात आणि गोदामात दिवसभर चार्जरला जोडलेल्या फोनवर ८० टक्क्यांची मर्यादा लावा. सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' नावाने, आयफोन १५ पासून पुढे बॅटरीच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे. फिरतीच्या माणसावर ती लादू नका. त्याला संध्याकाळी सातपर्यंत फोन हवा असतो, त्याने सकाळी खुशाल शंभर करावं. खणात ठेवायचा फोन निम्मा भरून, बंद करून ठेवा; शून्यावर पडून राहिलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही.

बॅटरीचं आयुष्य चार्जिंगच्या चक्रांत मोजतात. एकूण १०० टक्के वापर झाला की एक चक्र, मग तो दोन दिवसांत होवो की अर्ध्या. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या होत्या, १५ पासून १००० चक्रांनंतर. दिवसभर नकाशा आणि ॲप चालवणाऱ्याची रोज दीड चक्रं होत असतील, तर ५०० चक्रं अकरा महिन्यांत संपतात. म्हणून वर्ष-दीड वर्षात "फोन चार्ज टिकवत नाही" अशी तक्रार आली की दचकू नका. टायर झिजला म्हणून आपण गाडी विकत नाही. बॅटरी बदला, शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच. केंद्र सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर अनेक कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते.

मागचं झाकण उचललेलं दिसलं, पडदा वर आला, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन त्याच क्षणी बंद करा. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका.

४. पावसाळ्याआधीची तयारी

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला जाड कव्हर, काच आणि चेनची प्लास्टिक पिशवी द्या. फोन भिजला तर लगेच बंद करा, पोर्ट खाली धरून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात पुरू नका, बारीक कण पोर्टमध्ये शिरतात. ड्रायरही नको.

५. महिन्यातून एकदा मेमरी झाडा

व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड बंद करा. मेमरीचा दहावा हिस्सा तरी रिकामा हवा, नाहीतर फोन रेंगाळतो आणि अपडेट घ्यायला जागा उरत नाही. पगाराच्या दिवशी सगळे ऑफिसात येतात, तेव्हाच आम्ही हे काम उरकतो.

६. फुटलेल्या काचेचे पैसे पगारातून कापू नका

यावर आमच्याकडे बराच वाद झाला. पूर्वी आम्ही कापायचो. त्यामुळे काच तडकली की माणूस गप्प बसायचा, सेलोटेप लावून फोन वापरायचा. पहिल्या पावसात त्या फटीतून पाणी आत जायचं आणि काचेवर भागलं असतं तिथे अख्खा बोर्ड जायचा. आता वर्षाच्या सुरुवातीलाच दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवतो, आणि नियम एवढाच की तडा गेल्यापासून दोन दिवसांत सांगायचं. शिवाय गोदामात दोन हँडसेट राखीव ठेवलेत. दुरुस्तीला फोन दिला तर दिवसाचं काम अडेल, ही भीती माणसाच्या मनातून जायला हवी. पडलेला फोन त्याने मुद्दाम पाडलेला नसतो.

७. माणूस जाताना फोन मोकळा करून घ्या

निरोपाच्या दिवशी, तो समोर बसलेला असतानाच, सेटिंगमध्ये जाऊन त्याचं गूगल खातं काढायला सांगा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करायला. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. आधी रीसेट केलात, तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत राहतो आणि तुम्ही त्या माणसाला फोन लावत राहता. फोन कंपनीच्या खात्यावरच सुरू केलेला असेल तर हा प्रश्नच उरत नाही. पंचवीस-तीसच्या वर हँडसेट असतील, तर ते एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था घेण्याचा विचार जरूर करा.

८. वरच्या कामातून खालच्या कामात

सुरक्षा अपडेट थांबले की त्या फोनवरून बँक, यूपीआय आणि ऑफिसचा मेल काढा. फोन मात्र लगेच टाकू नका. बारकोड स्कॅन करणं, गाडीवर माल चढवताना फोटो काढणं अशी कामं तो आणखी दोन वर्षं करू शकतो. सिम काढून फक्त गोदामाच्या वायफायवर ठेवा.

खरोखर संपलेला फोन भंगारवाल्याला देऊ नका. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वर्षात यादीतली हजार किंवा जास्त विद्युत उपकरणं वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिला आपला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेलाच द्यावा लागतो. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसला ती सक्ती नाही. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला रिसायकलर शोधा, फोन द्या आणि पावती घ्या.

आमच्या सतरांपैकी बोर्ड जळलेले दोन आणि दमलेल्या सात बॅटऱ्या अशाच गेल्या. काहीच न झालेला तो एक फोन आता गेटवर आहे. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबराचा फोटो वॉचमनकाका त्याच्यावरच काढतात.