जुना लॅपटॉप, एकच सिंथ (सिंथेसायझर): इलेक्ट्रॉनिक संगीत करताना या चुका टाळा

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज तुटायला लागला की बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म नमुन्यांचा गठ्ठा) 1024 वर नेऊन तिथेच सोडून द्यायचा, ही सर्रास होणारी चूक. 44.1 किलोहर्ट्झला 1024 सॅम्पल म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंद, आणि हा नुसता बफरचा हिशेब. कळ दाबल्यावर सूर मागून येतो आणि आपण उगाच स्वतःच्या तालाला बोल लावतो. वाजवताना 128 किंवा 256 ठेवा (साधारण 3 आणि 6 मिलिसेकंद), मिक्सिंगला बसलात की 1024. 128 वर तडतड होत असेल तर जड ट्रॅक फ्रीझ करा (त्यांचा तयार ऑडिओ करून ठेवा). ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. त्यांचा उशीर बफर कमी केल्याने जात नाही.

प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्बही (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) नको. एका सेंडवर (सगळ्या ट्रॅकचा आवाज पाठवता येतो तो सामाईक मार्ग) एकच रिव्हर्ब, 100 टक्के वेट (मूळ आवाज न मिसळता), त्याच्या आधी 200 हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर). प्रोसेसर मोकळा होतो, खालचा गढूळपणाही जातो.

सिंथ एका वेळी एकच सूर काढतो? मग कॉर्डचे तीन सूर तीन ट्रॅकवर रेकॉर्ड करा, पातळी जुळवा, एकत्र बाउन्स करून (एकाच फाइलमध्ये उतरवून) सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला तुकडा कळांवर वेगवेगळ्या सुरांत वाजवणारं साधन) टाका. इथे लोक फसतात ते असे, की साध्या सॅम्पलरमध्ये सूर एक सप्तक वर नेला की लांबी निम्मी होते. म्हणून मूळ कॉर्ड लांब धरा, किंवा दर चार-पाच सुरांवर नवा सॅम्पल (इथे रेकॉर्ड केलेला तुकडा) घ्या. मिडी क्लिप (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) पुसू नका, म्यूट करून ठेवा.

मेमरी कमी पडणं तर जुनंच दुखणं. 1987 च्या एसपी-1200 या सॅम्पलिंग ड्रम मशीनमध्ये सगळे मिळून जेमतेम 10 सेकंदांचे सॅम्पल मावत. मग मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाची तबकडी 45 वर फिरवून रेकॉर्ड करायची आणि मशीनमध्ये सूर पाचेक सेमीटोन (सप्तकाचा बारावा भाग म्हणजे एक) खाली आणायचा. जागा वाचायची आणि 12 बिटचा खरखरीत पोत आणखी उठून दिसायचा. तो पोत आज लोक प्लगइन विकत घेऊन आणतात! तुमच्या सॅम्पलरमध्येही करून पाहा: लूप पाच सेमीटोन वर बाउन्स करा, सॅम्पल रेट 22 किलोहर्ट्झवर उतरवा, मग पाच सेमीटोन खाली आणा. झांजेची धार बोथट होईल. ड्रमला ते शोभतं, गळ्याला क्वचितच.

लहान स्पीकरवर बेस ऐकू येत नाही म्हणून त्याच्या पातळीचा फेडर चढवत राहिलात, तर मोठ्या स्पीकरवर सगळं घुमतं. 50 हर्ट्झचा सूर त्या स्पीकरमधून निघतच नाही. बेसची प्रत काढा, तिच्यावर सॅच्युरेशन (वरचे सूर वाढवणारी हलकी विकृती), मग 150 हर्ट्झला हाय-पास, आणि मूळ बेसखाली हळूहळू मिसळा. वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकून कान खालचा सूर ओळखतो. खरी पातळी स्पेक्ट्रम ॲनालायझरवर (कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणारा आलेख), ओळखीच्या ट्रॅकशेजारी ठेवून तपासा.

लूपच्या सांध्यावर टिकटिक येत असेल तर काप झीरो क्रॉसिंगवर (ध्वनिलहर शून्यातून जाते त्या जागी) घ्या आणि दोन्ही टोकांना 2 ते 5 मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या. किकच्या सुरुवातीला मात्र फेड 1 मिलिसेकंदाच्या वर नेऊ नका, ठोकाच जातो.