खाऱ्या वाऱ्यातलं बास्केटबॉल कोर्ट: दसरा ते आगोट

जगातला बास्केटबॉलचा मोठा हंगाम ऑक्टोबरात उघडतो. अमेरिकेतली एनबीए आणि युरोपातली युरोलीग या दोन्ही व्यावसायिक स्पर्धा त्याच सुमारास सुरू होतात, आणि एनबीएची अंतिम मालिका जूनमध्ये आटोपते. कोकणातलं उघडं सिमेंटचं कोर्टही जवळपास याच महिन्यांत खेळण्याजोगं असतं. म्हणून शाळेच्या किंवा मंडळाच्या कोर्टाच्या देखभालीचं वर्ष दसऱ्यापासून धरावं.

परतीचा पाऊस थांबला की पहिलं काम शेवाळाचं. काळपट, सुकलेलं शेवाळ निरुपद्रवी वाटतं, पण सकाळचं दव पडलं की तेच बुळबुळीत होतं आणि घोटे मुरगळतात. दहा लिटर पाण्यात पाव किलो ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी कोर्टावर पसरून वीस मिनिटं ठेवा, मग ताठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. खराटा इथे पुरत नाही. कोर्ट 28 बाय 15 मीटरचं, म्हणजे 420 चौरस मीटर; सगळं एकदम भिजवलं तर घासेपर्यंत वाळतं, तेव्हा चार-पाच पट्टे पाडून काम करा. हे पाणी लोखंडी खांबाला लागू देऊ नका, गंज झपाट्याने धरतो. ब्लीचिंगमध्ये ॲसिड तर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रेषा मारायची घाई नको. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने कोर्टावर चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर सिमेंटमध्ये ओल आहे. त्यावर मारलेला रंग पोपडे धरून सुटतो. साधा ऑइलपेंट टाळा, त्यावरून पाय घसरतो.

जुन्या रेषांवरूनच ब्रश फिरवायचा मोह आवरा. 2010 पर्यंत आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा रिंगच्या केंद्रापासून 6.25 मीटरवर होती आणि रिंगखालचा पट्टा तिरक्या बाजूंचा होता. जुन्या कोर्टांवर तोच आराखडा सापडतो. आता रेषा 6.75 मीटरवर आहे आणि पट्टा 4.90 बाय 5.80 मीटरचा सरळ आयत आहे. आखताना आधी दोन्ही कर्ण मोजा: दोन्ही 31.76 मीटर आले तरच कोन काटकोनात आहेत. मग ओळंबा सोडून रिंगचं केंद्र जमिनीवर उतरवा. ते मागच्या रेषेच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर यायला हवं. तीन गुणांच्या रेषेची कमान या केंद्रापासून आखायला सुतळी घेऊ नका, ती ताणली जाते. स्टीलचा टेप घ्या. 6.75 मीटर हे अंतर रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं आहे.

रिंगची वरची कड जमिनीपासून 3.05 मीटर. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी मोजा. मुलं लोंबकळतात त्यामुळे पुढची बाजू झुकते, आणि बहुतेक वेळा दोष रिंगचा नसून ढिल्या झालेल्या बोल्टचा असतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

खरी लढाई गंजाशी. तो दोन जागी आधी दिसतो: रिंग फळ्याला जोडणाऱ्या पट्टीच्या मागे, आणि खांब सिमेंटमध्ये शिरतो त्या बुडाशी. बुडाशी पाणी साचतं, म्हणून तिथे बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा कठडा करा आणि पाइपचं वरचं तोंड झाकणाने बंद ठेवा. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा. त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: ती जागा गोड्या पाण्याने धुवा. मीठ रंगाखाली राहिलं तर काही महिन्यांत फुगे येतात आणि आत गंज सुरूच राहतो. पूर्ण वाळली की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, वर रंगाचे दोन हात. काम सकाळी उन्हं वर आल्यावर सुरू करून दुपारपर्यंत संपवा, संध्याकाळच्या दमट हवेत रंग नीट धरत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल फारसं काम नसतं. महिन्यातून एकदा रिंग आणि फळा गोड्या पाण्याने धुवा, बोल्ट आवळा. चेंडू रबराचा घ्या. चामड्याचा चेंडू सिमेंटवर आणि जांभ्याच्या धुळीत लवकर सोलतो. सामने पाहायचे तर या काळात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो, मार्चमध्ये तिथली घड्याळं पुढे गेली की पाचला. शाळेआधी एक-दोन क्वार्टर सहज पाहून होतात.

मे महिन्यात घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची कामं निघतात, त्यांतच कोर्टही घ्या. जाळी आणि रिंग उतरवा, रिंगला ग्रीस फासून कोरड्या खोलीत ठेवा. फळा प्लायवुडचा असेल तर तोही काढा. कडांमधून पाणी शिरलं की तो फुगतो. चाकांवरचा खांब आडवा करून बांधून टाका. मिरग लागेपर्यंत थांबू नका. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि उभा फळा वाऱ्याला शिडासारखा सापडतो. कोर्टाभोवतीचं गटार याच दिवसांत उपसा, पाणी तुंबलं तर शेवाळ दुप्पट वाढतं.

पावसाळ्यात शाळेच्या पडवीत ड्रिब्लिंग आणि पासिंग चालू ठेवा. विश्वचषक अनेकदा याच दिवसांत येतो: 2023 चा 25 ऑगस्ट ते 10 सप्टेंबर होता आणि जर्मनीने सर्बियाला 83-77 हरवून तो जिंकला. पुढचा 2027 मध्ये कतारला आहे. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, त्यामुळे तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे रात्री जेवणाच्या सुमारास दिसतील.