गावच्या लग्नाला दोन कॅमेरे: कशासाठी आणि कसे न्यायचे

शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात. सगळं काही सेकंदांत उरकतं, आणि तेवढ्यात भरलेला मांडवही टिपायचा असतो, नवरा-नवरीचे चेहरेही. कितीही घाई केली तरी लेन्स बदलण्यात तो क्षण निसटतो. दुसरा कॅमेरा खांद्याला लागतो तो मुख्यतः यासाठी. बिघाडात हाताशी असणं हाही मोठा फायदा आहे. गडचिरोलीतल्या धानोरा किंवा मेळघाटातल्या धारणीच्या आतल्या गावात मुहूर्ताच्या तोंडावर दुसरा कॅमेरा मिळणार कुठून?

तिसरं कारण धूळ. कच्च्या रस्त्यावरच्या वरातीत लेन्स काढली की माती थेट सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर, बसते. लेन्सचं छिद्र मोठं (एफ २.८) असताना ती दिसत नाही, पण छिद्र लहान करून (एफ ११) सगळ्यांचा एकत्र फोटो घेतला की आभाळात काळे ठिपके उमटतात. लेन्स बदलावीच लागली तर घरात जाऊन, पंखा बंद करून, कॅमेरा बंद आणि त्याचं तोंड खाली ठेवून बदला. धूळ उडवायला रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण बसतात. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका, तिच्यात तेल आणि पाणी असतं.

साधी जोडी म्हणजे एका बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) २४-७० मिमीची रुंद लेन्स आणि दुसरीवर ७०-२०० मिमीची लांबची. एक बॉडी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) आणि दुसरी क्रॉप (लहान सेन्सरची) असेल तर दिवसा ७०-२०० क्रॉपवर लावा. १.५ पटीच्या क्रॉपवर ती १०५-३०० सारखी चालते, आणि २४ ची रुंदी फुल फ्रेमवर शाबूत राहते. रात्रीच्या लग्नात मात्र क्रॉप बॉडीवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवला की चेहऱ्यांवर दाणे येतात, म्हणून लांबची लेन्स फुल फ्रेमवर घ्या. एवढ्या लेन्स परवडत नसतील तर ३५ आणि ८५ च्या एफ १.८ लेन्सही काम भागवतात, शिवाय खांदा हलका राहतो.

दुसरी बॉडी नवीकोरीच हवी असं नाही. वापरलेली घ्या किंवा जिल्ह्याच्या गावातून भाड्याने आणा, पण ती पहिलीच्याच माउंटची (लेन्स बसवायच्या खोबणीची) आणि शक्यतो त्याच बॅटरीची हवी. कॅननच्या एलपी-ई६ जातीच्या बॅटऱ्या तिच्या बऱ्याच बॉड्यांना चालतात. अशी जोडी असली की एक चार्जर पुरतो. गावात लाइन कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सगळ्या बॅटऱ्या आदल्या रात्री घरीच भरून घ्या.

त्याच रात्री दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख-वेळ जुळवा. हे राहिलं तर पुढे कॉम्प्युटरवर फोटो वेळेनुसार लावताना हार आधी आणि नवरदेवाचं आगमन नंतर येतं. मग मोबाइलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी घ्या. काही सेकंदांचा फरक राहिलाच तर त्या फोटोवरून तो मोजून लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम पुढे-मागे सरकवता येतात. दोन्ही एकाच मॉडेलचे असतील तर फाइलच्या नावातली अक्षरं एकीवर बदला. ती सोय नसेल तर कॉपी करताना दोन वेगळे फोल्डर करा. एकाच नावाच्या दोन फाइल एका फोल्डरमध्ये पडल्या तर एक दुसरीला पुसू शकते.

मांडवात पोचल्यावर पहिलं काम रंगाचं. हिरव्या जाळीखाली चेहरे हिरवे पडतात, लाल-पिवळ्या कापडाखाली तांबूस. व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळणी) ऑटोवर ठेवलं तर दोन कॅमेरे दोन वेगळे रंग देतात. नवरा-नवरी उभे राहतील तिथे कोरा पांढरा कागद धरून दोन्हींमध्ये कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा घ्या. फ्लॅशसाठी प्रत्येक बॉडीवर वेगळा ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) आणि चॅनल एकच.

हळदीला दोन्ही कॅमेरे पुढे नेऊ नका. हळदीचे हात आणि पाणी कुठूनही येतं. जुनी बॉडी हातात ठेवा, दुसरी घरात.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत साधारण ० ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काळी बॉडी उन्हात याहून कितीतरी तापते, आणि मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) लांबलचक व्हिडिओ चालू असेल तर ती मध्येच बंद पडू शकते. म्हणून व्हिडिओ एकीवर आणि फोटो दुसरीवर अशी वाटणी करा. हातात नसलेल्या कॅमेऱ्यावर पांढरा दुपट्टा टाका. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा कूलरच्या तोंडासमोर कॅमेरा ठेवू नका. कूलरचे तुषार बटणांच्या फटीतून आत जातात.

दोन बॉड्या आणि २४-७०, ७०-२०० या दोन लेन्स मिळून वजन चार किलोच्या आसपास जातं. दोन पट्टे गळ्यात अडकवू नका, पाठीवर फुली होणारा दुहेरी पट्टा घ्या. जड लेन्स उजव्या कमरेला, तोंड खाली, पुढची प्लास्टिकची कड (हूड) लावलेली. चालताना कॅमेरे एकमेकांवर आपटत असतील तर एक पट्टा चार बोटं आखूड करा.

ऐन वेळी एक बॉडी अडली तर तिच्याशी झुंजत बसू नका. दुसरी उचला आणि विधी पूर्ण टिपा. पंगती सुरू झाल्यावर बॅटरी काढून पुन्हा घाला, लेन्सचे सोनेरी ठिपके स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा. कॅननवरचा 'एरर ०१' बऱ्याचदा तेवढ्याने जातो, कारण तो लेन्स आणि बॉडीचा संपर्क तुटल्याचा असतो.

परतीच्या वाटेवर दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवा, आणि दोन ठिकाणी कॉपी होईपर्यंत एकही फॉरमॅट करू नका.