विद्यार्थी संशोधन परिषदेचं वेळापत्रक आखताना

आधी तारीख. विज्ञान शाखेला हमखास २८ फेब्रुवारी हवी असते. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणाम जाहीर झाला आणि १९८७पासून आपण तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. पण त्याच सुमारास बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते. कनिष्ठ महाविद्यालय त्याच आवारात असेल तर वर्ग बैठकव्यवस्थेत आणि शिक्षक पर्यवेक्षणात अडकतात. परीक्षा विभागाशी बोलल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नका. मला विचाराल तर जानेवारीतला शनिवार बरा.

मग निबंध मोजा. समजा २४ आले. सादरीकरणाला १० मिनिटं, प्रश्नांना ४, पुढचा विद्यार्थी उभा राहीपर्यंत १. म्हणजे सहा तास झाले, ते एका सभागृहात मावणार नाहीत. दोन खोल्या घ्या, प्रत्येकीत दीड तासाची दोन सत्रं, एका सत्रात सहा निबंध. एकाच मार्गदर्शकाचे दोन विद्यार्थी एकाच वेळी दोन खोल्यांत येत नाहीत ना, हे नावं समोर ठेवून तपासा.

प्रश्नांची ती चार मिनिटं मात्र जिवापाड जपा. गावातल्या विहिरींचं पाणी महिनोन्‌महिने तपासणाऱ्या मुलीला अनोळखी प्राध्यापकाने 'नमुने कुठल्या ऋतूत घेतले?' असं विचारणं, यासाठीच तर परिषद भरवायची. उद्घाटन लांबलं की पहिली कात्री इथेच लागते. म्हणून दीपप्रज्वलन, स्वागत आणि बीजभाषण १० ते पावणेअकरात आटपायचं, शाल-श्रीफळ फक्त प्रमुख पाहुण्यांना. बीजभाषणाला किती मिनिटं आहेत ते निमंत्रणपत्रातच लिहा. सत्राध्यक्षांना घड्याळ आणि 'दोन मिनिटं उरली' असं लिहिलेला पुठ्ठा द्या. वेळ कमी पडली तर सादरीकरण थांबवा, प्रश्न नाही.

जेवणानंतर लगेच भाषणं नकोत, तो तास भित्तिपत्रकांना द्या. उभं राहून, फिरत चर्चा चांगली होते. सादरीकरणाच्या फाइल आदल्या संध्याकाळी मागवून दोन्ही खोल्यांतल्या संगणकांवर उघडून बघा. जुन्या फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या संगणकावर हमखास बिघडतं, तेव्हा पीडीएफही मागा.

आणि एसटीच्या वेळा विचारून घ्या. तालुक्याहून आलेल्यांची शेवटची गाडी साडेपाचची असेल तर त्यांचे निबंध सकाळच्या सत्रात लावा, समारोप सव्वाचारला संपवा, आणि कुणाला आधी निघावं लागलंच तर त्याचं प्रमाणपत्र नोंदणीच्या टेबलावर तयार ठेवा.