स्लाइड-आउट आत घेण्याआधी छत झाडा: या चुका टाळा

मुक्काम हलवायच्या सकाळी सगळ्यांचे हात सतरंज्या, शेगडी आणि भांडी आवरण्यात गुंतलेले असतात आणि कॅरव्हॅनची, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीची, बाहेर सरकवलेली खोली, अर्थात स्लाइड-आउट, आत घेण्याचे काम शेवटी कोणीतरी बटण दाबून उरकून टाकतो. या खोलीला स्वतःचे छत असते, ते जमिनीवरून दिसत नाही आणि रात्रभरात त्यावर काय काय पडले आहे याचा अंदाज खाली उभे राहून येत नाही. आपल्या भागात अशा गाड्या अजून मोजक्याच असल्यामुळे निगेची बहुतेक माहिती परदेशी पुस्तिकांतून घ्यावी लागते. त्यांत पाईनच्या सुयांबद्दल इशारे असतात, पण चिंचेचा पाला, जांभ्याची लाल माती आणि उसाच्या फडातली काजळी यांचा उल्लेख नसतो.

स्लाइड-आउट म्हणजे पेटीत सरकणारी दुसरी पेटी. दोहोंमधल्या फटीत चहूबाजूंनी रबरी सील असते. खोली आत जाताना वरच्या बाजूची रबरी पट्टी छतावरून, काचेवरच्या वायपरसारखी, घासत जाते. छत स्वच्छ असेल तर ती पाणी बाहेर ठेवते. छतावर कचरा असेल तर तोच कचरा पट्टीखाली ओढला जातो, पट्टी आतल्या बाजूला दुमडते आणि पुढच्या पावसात पाण्याला सरळ वाट मिळते. गाडीची जमीन बहुधा प्लायवूडची असते. ती भिजून फुगली की दुरुस्तीचे काम सीलपुरते राहत नाही.

ही गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. मे महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी ते कणकुंबी वाटेवर एका परिचितांच्या काजूच्या बागेजवळ आमचा मुक्काम होता. रात्री वळीव कोसळला. सकाळी खालून पाहिले तेव्हा छताच्या काठावर चार पाने दिसली, म्हणून मी बटण दाबले. खोली निम्मी आत आल्यावर ‘कर्र’ असा बारीक आवाज आला, तरी मी बोट उचलले नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गादीचा कोपरा ओला लागला. खोली पुन्हा बाहेर काढून शिडीवर चढलो, तेव्हा करंगळीएवढी वाळकी काटकी रबरात आडवी रुतलेली होती आणि तिच्या मागे वीतभर पट्टी उलटी दुमडलेली होती. ज्या कारागिराकडे गाडी नेली त्याने सीलवर बाहेरून डिंकासारखा चिकटवणारा पदार्थ फासून दिला. तो पुढच्या उन्हाळ्यात सुटला आणि अखेर संपूर्ण पट्टी बदलावी लागली.

मोठ्या फांदीची सगळ्यांना भीती वाटते, पण माझ्या मते ती कमी धोक्याची, कारण ती दिसते आणि हाताने उचलता येते. खरा त्रास बारीक गोष्टींचा असतो. चिंचेची पाने तांदळाच्या लोंबीतल्या दाण्यांएवढी. ओली झाली की ती छताला कागदासारखी चिकटतात, झाडूने हलत नाहीत आणि सीलखाली जाऊन तिथेच कुजतात. खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या मातीची धूळ पावसात भिजून वाळली की तिचा खरखरीत थर बसतो, आणि खोलीच्या प्रत्येक फेरीत तो रबरावर पॉलिश पेपरसारखा फिरतो. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरलेल्या आंब्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांचा चिकटा छतावर पडतो, त्यावर धूळ बसते आणि रबर छताला धरून राहते. निपाणी, चिकोडी, अथणीकडे गळीत हंगामात पाचट पेटवलेल्या फडांची काळी काजळी उडून येते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर पसरते, म्हणून आधी फुंकरयंत्राने उडवावी किंवा पाण्याने धुवावी. चिकट्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा असतो.

झाडताना होणाऱ्या चुका

पहिली चूक क्रमाची. बरेच जण आधी स्लाइडचे छत झाडतात आणि मग मुख्य छताकडे वळतात, त्यामुळे वरचा सगळा कचरा पुन्हा खाली येतो. आधी मुख्य छत, मग स्लाइडचे छत. दुसरी चूक दिशेची आहे आणि ती अधिक महागात पडते. झाडू नेहमी गाडीच्या भिंतीकडून बाहेरच्या काठाकडे चालवावा. उलट दिशेने झाडले की आपण स्वतःच रेव सीलच्या फटीत भरत असतो. नळीने पाणी मारतानाही धार भिंतीकडे धरू नये आणि जोराच्या दाबाचे यंत्र तर तिथे वापरूच नये.

खराटा अंगणासाठी ठीक आहे, पण त्याच्या हिरांचे टोक रबरी छतावर चरे पाडते. लांब दांड्याचा मऊ केसांचा ब्रश घ्यावा. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहावे. शेतातल्या पंपांकडे जाणाऱ्या तारा पुष्कळदा लोंबकळत असतात. शिडी स्लाइडच्या भिंतीला टेकवू नये, गाडीच्या मुख्य अंगाला टेकवावी, चार हात उंचीला एक हात पाया बाहेर ठेवावा आणि खाली कोणीतरी धरायला असावे. स्लाइडच्या छतावर पाय ठेवू नये; ते माणसाचे वजन पेलण्यासाठी बांधलेले असेलच असे नाही.

वर कापडी आच्छादन आहे म्हणून निर्धास्त राहणे

काही गाड्यांत स्लाइडवर गुंडाळले जाणारे कापडी आच्छादन असते. ते उपयोगी आहे, पण त्यामुळे छत पाहण्याचे काम टळत नाही. खोली आत येताना कापड रुळावर गुंडाळले जाते आणि त्यावरची काटकी गुंडाळीत अडकली की तिथे फुगवटा येऊन कापड फाटते. शिवाय वारा बाजूंनी पाला आत ढकलतो, खारी काड्या आणून ठेवतात आणि मुक्काम लांबला तर गांधीलमाश्या खालच्या बाजूला पोळे धरतात. म्हणून कापडाखाली हात घालण्याआधी टॉर्चने पाहावे.

वळवानंतर कापडात पाण्याची झोळी झालेली असते. ते वजन तसेच ठेवून बटण दाबू नये. मऊ ब्रश खालून लावून, बाजूला उभे राहून, पाणी हळूहळू बाहेरच्या काठाकडे ढकलावे. खोली थोडी थोडी आत घेऊन पाणी सांडण्याची युक्ती काही जण सांगतात. दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असलेल्या रचनेत मध्येच वारंवार थांबल्याने दोन्ही बाजूंची चाल विसंगत होऊ शकते, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका परवानगी देत असेल तरच ती वापरावी.

अडले तर

खोली संपूर्ण वाटेवर सारखीच मंद चालत असेल तर आधी बॅटरी तपासावी. ती एकाच ठिकाणी कण्हत असेल, तिरकी होत असेल किंवा आवाज करत असेल तर काहीतरी अडकले आहे, असे समजून बोट तत्काळ उचलावे, खोली पूर्ण बाहेर न्यावी आणि शिडीवर चढून पाहावे. जोर लावून आत ढकलणे हा उपाय नाही. पट्टी दुमडलेली दिसली तर खोली हातभर सरकवून, बोटाने किंवा बोथट प्लास्टिकच्या पट्टीने ती सरळ करावी. स्क्रूड्रायव्हर वापरू नये. रबर कोरडे पडले असेल तर सिलिकॉनचा फवारा द्यावा. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियमयुक्त फवारा लावू नये, त्याने अनेक प्रकारचे रबर फुगते आणि सैल पडते.

ओल्या छतानिशी निघण्याची वेळ आलीच, तर पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या बाजूला ती येणारच, निदान कचरा काढून फडक्याने पाणी निपटून घ्यावे. घरी पोहोचल्यावर पहिल्या उघडिपीत खोली पुन्हा बाहेर काढून दोन तास वाळू द्यावी आणि वरच्या पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवावे. डोळ्यांना न दिसलेली रेव बोटाला लागते. ती ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसून घ्यावी.