साठीच्या आसपासच्या मित्रांनी हाफ मॅरेथॉन एकत्र कशी पळावी

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पंचावन्न ते सत्तरीतल्या मित्रांची ही शर्यत फसते ती बहुधा पहिल्या पाच किलोमीटरमध्ये. एक जण जरा पुढे काढतो, बाकीचे ईर्षेने त्याला गाठतात आणि पंधराव्या किलोमीटरला पोटऱ्या धरतात. म्हणून बूट घेण्याआधी एक ठराव करा: गटात जो सर्वांत सावकाश, त्याचा पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) तो गटाचा पेस. ज्याला हे जमणार नाही त्याने आपलं वेगळं पळावं आणि नंतर चहाला एकत्र यावं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

गट चार ते सहा जणांचा पुरे. त्यापेक्षा मोठा असेल तर पेसप्रमाणे दोन गट करा.

सराव सुरू करण्याआधी प्रत्येकाने डॉक्टरांकडे जावं. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि त्यांनी सांगितली तर स्ट्रेस टेस्ट. औषधांची यादी सोबत न्या, कारण पळण्याशी त्यांचा थेट संबंध येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या (मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या) हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवा ठरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर पळताना अचानक उतरू शकते. त्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि ती कोणत्या खिशात आहे हे सोबत्याला सांगून ठेवावं. पळण्याआधी दुखण्याची गोळी घ्यायची सवय तर मोडाच. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे इजा वाढते ती वेगळीच.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली शर्यत धरली तर सोळा आठवडे मागे मोजून सप्टेंबरच्या मध्यात सुरुवात करावी लागते. तोवर चालत-पळत ५ किलोमीटर आरामात जायला हवेत. आठवड्यात पळण्याचे दिवस तीनच: मंगळवारी ४ ते ५ किलोमीटर, गुरुवारी ५ ते ६, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांबचं पळणं. रविवारचे आकडे क्रमाने असे: ७, ८, ९, ७, १०, ११, १२, ९, १३, १४, १५, ११, १६, १८, १२ आणि सोळाव्या रविवारी शर्यत. मध्ये मध्ये अंतर उतरवलं आहे ते मुद्दाम. या वयात फुप्फुसं आणि हृदय लवकर तयार होतात, टाचेमागची शीर आणि पोटरी मात्र मागे राहतात. त्यांना सावरायला हे हलके आठवडे लागतात. एखादा रविवार चुकला तर तो सोडून द्या. बुधवारी भरून काढायला गेलं की पोटरी भरलीच म्हणून समजा.

कोल्हापुरात सराव करणार असाल तर मंगळवारसाठी रंकाळा तलावाचा काठ सोयीचा. सपाट आहे, वर्दळ कमी आणि कुणाला थांबायचं असेल तर कट्टा जवळच. फेरी किती भरते ते फोनवर एकदा मोजून घ्या. एकाच दिशेने फेऱ्या मारत राहिलं तर एकाच बाजूच्या कंबरेवर आणि गुडघ्यावर भार येतो, तेव्हा दर खेपेला दिशा बदला. पावसाळा संपत आला तरी फरशीवर शेवाळ राहतं. सकाळच्या अंधारात तिथे चालतच जा. गुरुवारी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले चढ घ्या, चढताना छोटी पावलं आणि उतरताना त्याहून छोटी. पायऱ्या आणि घाट मात्र शर्यतीच्या आधीच्या महिन्यात टाळा. जोतिबा, पन्हाळ्याचा उतार मांड्या अशा भरवतो की चार दिवस जिना उतरवत नाही.

लाँग रनला गावाबाहेरचा रस्ता घेणार असाल तर उसाचा हंगाम लक्षात ठेवा. पहाटे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या जात असतात. त्या झोल खातात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला आणि दोघा-दोघांची रांग धरा. चौघे शेजारी-शेजारी गप्पा मारत पळणं रंकाळ्यावर ठीक, रस्त्यावर नाही. पुणे-बंगळूर महामार्ग पूर्ण वर्ज्य.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पळणं-चालणं. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालायला लागणं निराळं. तोवर पाय संपलेले असतात. हिशोब पाहा: पळताना किलोमीटरला साडेसात मिनिटं आणि चालताना अकरा मिनिटं धरली तर सरासरी आठ मिनिटं पडते आणि अख्खी शर्यत २ तास ४९ मिनिटांच्या आसपास पुरी होते. हे जड जात असेल तर दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. नाव नोंदवण्याआधी आयोजकांची वेळेची मर्यादा वाचा आणि आपल्या सरावाच्या वेळेशी ताडून बघा. घड्याळ एकाच्याच हाती द्या. त्याने ‘चाला’ म्हटलं की हात वर करून डाव्या कडेला यायचं, म्हणजे मागचा अंगावर येत नाही.

पेस बरोबर आहे का, हे गप्पांवरून कळतं. काल घरी काय झालं ते पूर्ण वाक्यात सांगता येत असेल तर ठीक. ‘हो’, ‘नाही’ एवढंच निघत असेल तर सगळ्यांनी सावकाश व्हावं. गटात एखादा गप्प झाला तर त्याला मुद्दाम प्रश्न विचारा. असा माणूस ‘मी बरा आहे’ म्हणतच ओढत असतो.

बुधवारी आणि शनिवारी वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम करा. पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, बारा-बारा वेळा तीनदा, आधी गुडघा ताठ ठेवून, मग किंचित वाकवून. खुर्चीच्या उंचीपर्यंतच बैठका. पाठीवर झोपून कंबर उचलणं. एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, भिंत हाताशी ठेवून. तालमीतल्या पूर्ण बैठकांची सवय ज्यांना तरुणपणी होती त्यांनीही गुडघे कुरकुरत असतील तर खोल जाऊ नये.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बसतो. शर्यतीचे बूट किमान दोन लाँग रनला वापरलेले असावेत. आणि टाचेत सकाळी कळ येत असेल तर घरी आल्यावर सपाट, कडक तळाचं कोल्हापुरी पायताण काही महिने बाजूला ठेवा. मऊ तळाची चप्पल घरातही घाला.

दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी गेलं तर चालू ठेवा. लंगडावं लागत असेल तर त्याच दिवशी थांबा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, गरगरणं: लगेच थांबायचं, बसायचं, १०८ लावायचं. ‘पित्त झालं असेल’ असं म्हणून पुढे जायचं नाही.

शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी केळं किंवा वाटीभर उपमा. मिसळ नंतर. पाणी दर वीस मिनिटांनी साधारण १५० मिली; तहान नसताना पोटभर पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही धोक्याचंच. घरचं सरबत चालतं: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. तासाभरानंतर गुळाचे खडे, १० ग्रॅमचा एक असे तासाला तीन, पाण्यासोबत. मधुमेहींनी हे प्रमाण आधी ठरवून घ्यावं. जे काही खाणार ते लाँग रनला खाऊन पाहिलेलं असावं.

सुरुवातीला मागे उभे राहा. पहिले तीन किलोमीटर सावकाश वाटलेच पाहिजेत. एखाद्याला सोडावं लागलं तर त्याच्याजवळ एक जण थांबतो, बाकीचे पुढे जातात, हे आधीच ठरवा. कोण थांबणार याचीही नावं ठरवा. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तिथेच चक्कर येते. दहा मिनिटं चाला, ओला बनियन बदला, थोडं खा. दोन दिवस फक्त चालणं, मग आठवडाभर हलकं, आणि पुढचा लाँग रन दोन आठवड्यांनंतर. पांढरा रस्सा त्याच दुपारी चालेल, तांबडा मात्र पोट शांत झाल्यावर.